ओळख होती

३ नोव्हेंबर

ताई,

पोचले. ट्रंक पोचली, मी पोचले, तू बळेच गळ्यात मारलेली छत्रीही पोचली. पत्राला उशीर झाला म्हणून तोंड फुगवू नकोस. फोन दुकानात आहे आणि मालकांच्या कोपराशी आहे. त्यांच्या कोपराशी उभं राहून मला तुझ्याशी धड चहाड्याही करता येणार नाहीत. तेव्हा आपलं पत्रच बरं.

मालक म्हणजे माझे सासरे. त्यांना सगळेच मालक म्हणतात. त्यांची थोरली बहीण, म्हणजे आत्याबाई, त्याही म्हणतात, आणि तू ज्याचं नाव लंबू ठेवलंस तो माझा नवरा, त्यांचा सख्खा मुलगा, तोही म्हणतो. मीही म्हणू लागले. घरात एकूण एवढीच माणसं.

खाली लाँड्री, वर आम्ही. सकाळी बॉयलर पेटला की वाफ फळ्यांच्या फटींतून वर येते आणि माझ्या केसांचं पार घरटं होतं. आत्याबाई मोठ्या टेबलावर इस्त्री करतात, लंबू यंत्रं सांभाळतो, मालक काउंटरवर. मला कपड्यांना नंबरांच्या चिठ्ठ्या टाचायचं काम दिलंय. कुणाची पँट कुणाला गेली तर मला धरायचं, असं सरळ आहे.

आता खरी गोष्ट. घराच्या मागच्या अंगाला एक लांब गॅलरी आहे, चादरी वाळत घालायची. परवा तिथे गेले तर चादरींच्या दोन रांगांच्या मध्ये एक बाई होती. साठीच्या आसपासची, राखाडी शाल, तोंडात कपड्यांचे चिमटे. मी म्हटलं, "अहो!" ती थांबलीसुद्धा नाही. चादरीआड गेली ती गेलीच. खाली येऊन आत्याबाईंना विचारलं, "मागे कोण आहे?" इस्त्री न थांबवता म्हणाल्या, "मागे चादरी आहेत."

आणखी एक. मागच्या जिन्यात एक टोपली असते. फाटके कपडे संध्याकाळी तिच्यात टाकायचे. सकाळी रफू होऊन मिळतात. असलं रफू की भोक कुठे होतं ते भिंग घेऊनही सापडायचं नाही. विचारलं, कोण करतं? मालक म्हणाले, "होतं." बस, एवढंच.

लंबूच्या आईबद्दल घरात बोलत नाहीत, हे लग्नाआधीच सांगितलं होतं त्यांनी. आपण दोघींनी समजून घेतलं की बिचाऱ्या वारल्या असतील. काल मी लंबूला सहज विचारलं, कशानं गेल्या? तर तो बॉयलर बघायला निघून गेला. बॉयलर तेव्हा बंद होता, ताई.

आईला म्हणावं मी मजेत आहे. तुला म्हणून सांगते, मला थोडी भीती वाटते.

तुझी खारू


११ नोव्हेंबर

खारू,

लग्न होऊन महिना नाही झाला आणि तुला भूत दिसलं! लोकांना निदान वर्षभर नवराच दिसतो.

तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं (हल्ली मोठ्यानं म्हणजे खालच्या मजल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं). ती म्हणाली, सासू मेली तरी सुनेचं काम तपासायला येणारच. तेव्हा चिठ्ठ्या नीट टाच.

माझं म्हणशील तर शब्दकोशाच्या कार्यालयात सध्या 'ओ'शी झटापट चालू आहे. तुझं पत्र आलं तेव्हा नेमकं 'ओळख'चं कार्ड हातात होतं. ओळख करून देतात, करून घेतात, वाढवतात, पटवतात. उलट बाजूला काय, म्हणून शोधायला बसले. अनोळखी, परका, अपरिचित, तिऱ्हाईत. पण हे सगळे कधी ओळखीचे नव्हतेच. जो ओळखीचा होता आणि ज्याला आता मुद्दाम ओळखायचं नाही, त्याला काय म्हणायचं? आमच्या मुख्य संपादकांना विचारलं. त्यांना आम्ही मागून 'अनुस्वार' म्हणतो, कारण आकारानं लहान आणि सतत डोक्यावर. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तोंड फिरवलं म्हणा, बोलणं टाकलं म्हणा, एक शब्द काही नाही बुवा." कार्डावर तेवढी जागा कोरी ठेवली आहे.

आई आणि मावशीनं तीन वर्षं बोलणं टाकलं होतं, आठवतं? पण केवढा आवाज असायचा त्या न बोलण्याचा! "तिला सांग, तिच्या पातेल्याचं झाकण माझ्याकडे नाही," आणि मावशी पलीकडच्या खोलीतच बसलेली. आपली निरोप पोचवून पोचवून दमछाक व्हायची. शेवटी दोघी त्या झाकणावरूनच बोलायला लागल्या.

तर भूत पुन्हा दिसलं की सरळ विचार, "कोण आपण?" भुतांना शिष्टाचार असतो म्हणतात.

ताई


२४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून हसले आणि मग जिन्यात जे झालं ते आठवून हसू गेलं.

त्या गॅलरीतल्या बाई परत दिसल्या. एकदा नव्हे, आता रोज दिसतात. मी म्हटलं, "कोण आपण?" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझाच प्रश्न गिळावासा वाटला. राग नव्हता गं नजरेत. दचकल्या होत्या. मी त्यांना जेवढी भ्याले तेवढ्याच त्या मला भ्यालेल्या.

पण मला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीनं. लंबू आणि मी जिना चढत होतो. तो मला कुठल्या तरी हॉटेलच्या पडद्यांचा किस्सा सांगत होता. बोलता बोलता तो भिंतीला चिकटला, एखाद्याला वाट द्यावी तसा. किस्सा न थांबवता. वरून त्या उतरत होत्या, हातात टोपली. त्याच्या छातीला त्यांची शाल घासली. त्या गेल्या, तो भिंतीपासून सुटला आणि पुढचं वाक्य बोलला. मी म्हटलं, "तुला दिसल्या?" म्हणाला, "कोण?" चेहऱ्यावर काही नाही. फक्त कान लाल.

मग मी पाहत बसले. आत्याबाईही वाट देतात. मालकही. कुणी मान वळवत नाही, बोलणं तोडत नाही. जेवताना आत्याबाई एक ताट वाढून मागच्या जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवतात. थोड्या वेळानं ते घासून, पालथं घालून तिथेच असतं. मी म्हटलं, कुणाचं? "पायरीवरचं," म्हणाल्या.

मला आता खात्री आहे, ताई. लंबूची आई आहे ही. मेलेल्या माणसाला घर सोडवत नसेल तर घरचे असंच करत असतील, जेवण ठेवत असतील, वाट देत असतील. माझी शाल खिळ्याला अडकून फाटली होती. वेडेपणा केला, ती टोपलीत टाकली. सकाळी घेतली तर फाटलेलं सांधलेलं, आणि घडी अजून ऊबदार.

लंबू चांगला आहे. खरंच चांगला आहे. पण त्याच्या शेजारी बसले तरी मला एकटं वाटतं.

खारू


२ डिसेंबर

खारू,

आज विनोद नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि आईला वाचून दाखवलं नाही.

भुतं ताट घासून पालथं घालत नाहीत. भुताची शाल कुणाच्या छातीला घासत नाही. ऊबदार घडी म्हणजे कुणीतरी नुकतीच मांडीवरून उचललेली घडी. अगं वेडे, ती बाई जिवंत आहे! तुझ्या घरात एक जिवंत बाई राहते, जेवते, शिवते, आणि बाकीचे ती नसल्यासारखे वागतात. मला त्या बाईची भीती वाटत नाही, त्या बाकीच्यांची वाटते.

ती कोण हे मला माहीत नाही, तू काढ शोधून. आणि तोवर तिच्याशी माणसासारखी वाग. फार काही करायला नको. बसा म्हण, पाणी हवंय का विचार. एका साध्या शब्दानं कुणाचं काही बिघडत नाही.

आई घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण उठवत-बसवत न्यावं लागतं, नाहीतर मीच आले असते. लगेच लिही.

ताई


१५ डिसेंबर

ताई,

तू बरोबर होतीस, आणि तू बरोबर नसतीस तर फार बरं झालं असतं.

आत्याबाईंनी सांगितलं. मीच खनपटीला बसले तेव्हा कुठे. हातातली इस्त्री चालूच. "तू नवीन आहेस म्हणून एकदा सांगते," म्हणाल्या, "पुन्हा विचारायचं नाही." मालकांचं कुणाशी फाटलं की ते भांडत नाहीत. शिव्या नाहीत, आवाज नाही. जेवायला सगळे बसले की एवढंच म्हणतात, "यांची-आमची ओळख होती." झालं. त्या क्षणापासून घरातल्या कुणीही त्या माणसाला पाहायचं नाही, ऐकायचं नाही, नाव घ्यायचं नाही. त्यांच्या वडिलांपासून चालत आलंय म्हणे. घरात याला 'ओळख उतरवणं' म्हणतात, अंगातला कोट उतरवावा तसं. आणि ज्याची ओळख उतरवली त्याच्याशी जो बोलेल, त्याचीही उतरते.

मालकांनी आपल्या धाकट्या भावाची उतरवली होती. पुढे तो भाऊ आजारी होऊन दाराशी आला. मालक बाहेर गेले होते. लंबूच्या आईनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "भावजी, कसे आहात?" एवढाच गुन्हा. त्या संध्याकाळी जेवताना मालक म्हणाले, "हिची-आमची ओळख होती." तेव्हापासून त्या मागच्या खोलीत आहेत.

मी लंबूला धरला. सुट्टीचा दिवस, दुकान बंद, यंत्रं गार. आधी यंत्रं पुसत राहिला. मग म्हणाला, "मी आठवीत होतो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर तिनं मला जिन्यातून हाक मारली. मालक काउंटरवर होते. मी ओ दिली नाही. तिनं पुन्हा मारली, मी दप्तर ठेवायला गेलो. त्यानंतर तिनं कधी मारली नाही." मी म्हटलं, आता दे ना ओ, आता तू केवढा झालायस! तर माझ्याकडे अगदी केविलवाणं पाहत म्हणाला, "खरं सांगतो, आता ती मला दिसतच नाही. कुणीतरी येतंय एवढं पायांना कळतं."

मला त्याचा संताप आला आणि त्याची दयाही आली. मी दोन्ही बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तू काही करू नकोस. तुझी उतरवली तर मी काय करू?" मी म्हटलं, काय करशील? 

आता सगळ्यांत वाईट ऐक. हे कळल्यावर मी ठरवलं, योग्य वेळ बघून बोलायचं. आज नको, मालक घरात आहेत. उद्या नको, आत्याबाई जिन्यात आहेत. असं करत दिवस गेले. काल मी जिना उतरत होते, मनात हिशेब चालू, चादरी किती, पडदे किती. खाली पोचल्यावर लक्षात आलं की मधेच मी भिंतीला चिकटले होते. कुणाला तरी वाट दिली होती. आणि ताई, मला त्या दिसल्या नव्हत्या.

खारू


२१ डिसेंबर

खारू,

मी मागच्या पत्रात लिहिलं ते मागे घेते. बोलू नकोस. निदान एकटी असताना बोलू नकोस. मला नियम माहीत नव्हता, मी इथे खुर्चीत बसून शहाणपणा शिकवला. एका साध्या शब्दानं कुणाचं बिघडत नाही म्हणे!

आधी इकडे ये. लंबूला घेऊन ये, आई आजारी आहे म्हण, खोटंही नाही ते. इथे आलात की मी आहे, आई आहे, आपण त्याला बसवून बोलू. मग त्याच्या आईला कसं सोडवायचं ते ठरवू. त्यांना सोडून दे म्हणत नाही मी. फक्त तू तिथे एकटीनं काही करू नकोस.

आणि दुसऱ्यांदा भिंतीला चिकटलीस तर जिन्यातच थांब आणि मान वळवून बघ. तेवढं मात्र कर.

ताई


२२ डिसेंबर

ताई,

घाईत लिहितेय, तुझ्या उत्तराची वाट न बघता. मी बोलले.

ठरवून नाही. त्या वाळलेल्या चादरींचा ढीग घेऊन जिना चढत होत्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. थांबेचना. ढीग सुटला, चादरी पायऱ्यांवरून खाली. त्या कठडा धरून वाकलेल्या. मी धावले, दंड धरला आणि म्हटलं, "आई, बसा. बसा आधी."

त्यांनी काय केलं असेल? माझ्या तोंडावर हात ठेवला. खोकत, जोरजोरानं मान हलवत, माझं तोंड दाबून धरलं. मला गप्प करत होत्या, ताई, मला वाचवायला. तळहाताला सुईचे घट्टे आहेत. पण खालच्या दारात मालक उभे होते.

जेवताना म्हणाले ते. माझ्याकडे न बघता, पाणी मागावं तितक्या सहज. "हिची-आमची ओळख होती." मला हसू फुटलं, खरंच. म्हटलं, "अहो मालक, मी समोर बसलेय!" आत्याबाईंनी माझ्या पुढ्यातलं ताट उचललं. लंबू जेवत होता.

सकाळी चहाचे तीन कप होते. मी चौथा काढून ओतून घेतला, भांडण उकरून काढायचं म्हणून मुद्दाम आपटत. कुणी वर पाहिलं नाही. होईल ठीक. लंबू बोलेल. अजून काही म्हणाला नाही, म्हणजे तो अजून काहीच म्हणालेला नाही. पण त्याच्या मनात चाललंय, मला ओळखू येतं. त्याला दोन दिवस देते.

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकणार आहे.

खारू


१४ जानेवारी

चि. लंबू,

तुम्हाला या नावानं लिहायचं नव्हतं, पण रागात मला दुसरं सुचत नाही.

माझ्या बहिणीचं २२ तारखेचं पत्र मिळालं. त्यानंतर मी तिला दोन पत्रं पाठवली. दोन्ही परत आली. पाकिटावर तुमच्या वडिलांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, 'या पत्त्यावर अशी कोणी नाही.' दुकानात फोन केला. एका बाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चादरींचं काही असेल तर सांगा."

तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा आईच्या खाटेचा पाय डुगडुगत होता. कुणी न सांगता तुम्ही खाली वाकून तो नीट केलात. तो माणूस मला आवडला होता. म्हणून विचारते, माझी बहीण कुठे आहे? एका ओळीत कळवा. नाहीतर नुसतं 'आहे' एवढं लिहा.

तिची ताई


२९ जानेवारी

तुमची-माझी ओळख नाही, म्हणून मायना सोडते.

मी तुमच्या बहिणीची सासू. तुमचा पत्ता तिच्या उशाशी असलेल्या पत्रांवरून घेतला. पत्रं वाचली नाहीत. हे पत्र मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवते आहे, वर चिठ्ठी टाचून, की कृपा करून पेटीत टाका. रफूला आलेल्या कोटांमधून असं पूर्वीही करत असे. माझ्या बहिणीला लिहायची. नंतर ते सुटलं.

ती प्रकृतीनं बरी आहे. माझ्या खोलीत झोपते. पायरीवर आता दोन ताटं असतात.

पहिला आठवडा ती खूप ओरडली. मालकांच्या समोर उभी राहून ओरडली, कप फोडले. त्यांनी काचा गोळा केल्या आणि "कप फुटले" म्हणाले. माझ्या मुलाच्या खांद्याला धरून तिनं हलवलं. तो हलत राहिला. मी तिला आत आणलं. ओरडणं मला करता आलं नव्हतं, तिनं केलं, त्याचं मला बरं वाटलं होतं.

आता ती ओरडत नाही. माझ्याकडून रफू शिकते आहे. हात हलका आहे, टाका सुरेख पडतो, आणि त्याचीच मला धास्ती वाटते. तुम्हाला तिनं दोन पत्रं लिहून टपालासाठी काउंटरवर ठेवली, ती केराबरोबर गेली. तिसरं लिहिलं नाही. मी म्हटलं, पेटीपर्यंत जा, दार उघडंच असतं. तर मला म्हणाली, "कोण म्हणून जाऊ?" काल मी तिला सूनबाई म्हणून हाक मारली. शेजारीच होती. तिनं ओ दिली नाही. मी दंडाला हात लावला तेव्हा म्हणाली, "मला म्हणालात होय?"

तिचंही म्हणणं तेच, जे माझं होतं. आज तो बोलेल, उद्या तो बोलेल. मी मुलगा दिसतो म्हणून राहिले. तो मला पाहत नाही, पण मी त्याला पाहते. त्याची मिसरूड फुटलेली पाहिली, त्याला लग्नाला निघताना वरच्या खिडकीतून पाहिलं. माझं त्यावर भागलं. तिचं भागू नये.

तुम्ही या. पुढच्या दारानं, दुकान भरलेलं असताना या. तुम्हाला ते थांबवणार नाहीत, तुमची ओळख अजून कुणी उतरवलेली नाही. आत येऊन तिला तुमच्या घरच्या नावानं हाक मारा, मोठ्यानं. झोपेत ती स्वतःशी 'खारू' म्हणते, ते तुम्हीच ठेवलेलं असावं. उशीर करू नका. हाकेला ओ द्यायची सवय कशी जाते ते मला ठाऊक आहे.

लंबूची आई
(तो लंबू हे तिच्याकडूनच कळलं. फार हसले.)


४ फेब्रुवारी

आई,

ओळख नाही कशी? मी तुम्हाला नोव्हेंबरपासून ओळखते. आधी भूत म्हणून ओळखत होते, त्याबद्दल माफी असावी.

येते आहे. आईला शेजारणीच्या हवाली केलंय. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचा काही मार्ग नाही, कोट नाही की गिऱ्हाईक नाही. तरी लिहिते आहे, कारण तुमच्या पत्राला उत्तर न देणं मला जमणार नाही. पर्समध्ये ठेवून तुमच्या हातात देईन.

मी दोघींना हाक मारणार आहे. तुमचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, तेव्हा सुचेल ते म्हणेन. ओ द्या.

खारूची ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईंस,

तुम्ही मला उत्तर द्यावं असं काही मी केलेलं नाही. तरी लिहितो.

तुम्ही आलात तेव्हा मी इस्त्रीच्या यंत्राशी होतो. तुम्ही काउंटरपुढे उभ्या राहून "खारू!" अशी हाक मारलीत, गिऱ्हाइकं दचकली, मालक म्हणाले, "पुढचे कोण?" तुम्ही पुन्हा मारलीत. वरून काही आलं नाही. तिसऱ्यांदा तुमचा आवाज फाटला. मला वाटलं, आता कुणीच ओ देणार नाही, झालं, संपलं. आणि वरून ती "ओ" म्हणाली. अगदी बारीक, विचारल्यासारखी.

मग तुम्ही म्हणालात, "लंबूची आई!"

या दुकानात, या घरात, माझं नाव जोडून तिला कुणी हाक मारली नव्हती. मी आठवीत होतो तेव्हापासून नाही. तिनंही ओ दिली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही, तो म्हातारा झाला होता.

त्या दोघी पुढच्या जिन्यानं उतरल्या. मालक पावत्या फाडत होते, आत्याबाई पाणी शिंपडत होत्या. खारू माझ्यासमोरून गेली, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिला वाट द्यायला मी कपाटाला चिकटलो. आई मागून आली. ती थांबली. मी जमिनीकडे पाहत होतो, मला तिच्या चपला दिसल्या, एक अंगठा सुतळीनं बांधलेला. ती बराच वेळ उभी होती. मला वाटलं हाक मारील. तिनं नाही मारली. तिचं काही चुकलं नाही.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी सवयीनं पायरीवर दोन ताटं ठेवली. सकाळी ती तशीच होती, अन्न वाळलेलं.  टोपलीत फाटके कपडे साठले आहेत. मालक गिऱ्हाइकांना सांगतात, "रफू होत नाही."

आता मागच्या खोलीत कुणी नाही. मी जाऊन पाहिलं, गादी गुंडाळलेली आहे, खिडकीत सुया टोचलेली उशी आहे. तरी जिना चढताना मी रोज भिंतीला चिकटतो. कुणी येत नसतं, मला माहीत असतं की कुणी येत नाही. पाय ऐकत नाहीत. मी उभा राहतो, वाट देतो, आणि कुणीच जात नाही, म्हणून मला भिंतीपासून सुटताही येत नाही. काल आत्याबाई मला ओलांडून गेल्या.

मालकांना मी काल आईबद्दल, खारूबद्दल मनातलं सगळं सांगितलं, तुम्हाला लिहिणार आहे हेही. आज जेवताना ते काय म्हणाले ते तुम्ही ओळखलंच असेल. हे पत्र टाकायला मी घराबाहेर पडतो आहे, पेटीपाशी थांबणार नाही, पुढे स्टेशनवर जाईन. हे तुमच्या हाती पडेल तोवर मी तुमच्या दारापर्यंत आलेला असेन, पण दार वाजवणार नाही. तेवढा माझा हक्क नाही. रस्त्याच्या पलीकडे उभा असेन.

खारूला काही सांगू नका, तिचं तिला ठरवू द्या. आईला फक्त खिडकीशी आणा आणि एकदा हाक मारायला सांगा. दुसऱ्यांदा मारावी लागणार नाही.

तुमचा
लंबू